बेसअण्णांच्या टेपा

बेसअण्णांना गाण्यातला गायक कधी ऐकूच येत नसे. ऑटोत, लग्नात, गणपतीच्या मांडवात, कुठंही गाणं लागलं की ते मान खाली घालून त्यातला सर्वांत खालचा सूर शोधत. "वरचं सगळेच ऐकतात," ते म्हणत, "तू स्वल्प खाली ऐक."

मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलो आणि मारतहळ्ळीत राहू लागलो. चामराजपेटेतल्या गणपतीत लाउडस्पीकर बिघडला, तो दुरुस्त करता करता आमची ओळख झाली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि तरुणपणी गळ्यात बेस गिटार. सत्तरच्या दशकात चौघा मित्रांचा त्यांचा रॉक बँड होता. स्टुडिओत त्यांची सगळी गाणी रेकॉर्ड झाली, आणि थोड्याच दिवसांत ड्रमर रवी मोटारसायकलच्या अपघातात गेला. ड्रमरच उरला नाही म्हटल्यावर कंपनीनं रेकॉर्ड काढलीच नाही. टेपा अण्णांकडं आल्या. पुढं लग्न झाल्यावर त्या कपाटात बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, रेशमी साड्यांखाली गेल्या.

रवी गेला तेव्हा त्याची बायको गरोदर होती. ती मुलगी, शीला, आता बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात काम करते. तिनं वडिलांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. गाण्यांच्या मधेमधे रवीचं बोलणंही टेपेवर आलंय, हे अण्णांना ठाऊक होतं. पण जुन्या टेपेवरचा लेप चिकट होऊन सुटतो. एकदा लावली आणि आवाजच खरवडून गेला तर, या धास्तीनं ते टेपांना हात लावत नसत.

अशा टेपा मंद उष्णतेत सुकवल्या की काही काळ नीट वाजतात, असं मी कुठंतरी वाचून त्यांना सांगितलं. ते कितीतरी दिवस विचार करत राहिले. शेवटी फळं सुकवायचं यंत्र आणलं. सांडगे वाळत घातल्यासारखी अक्कांनी त्यावर नजर ठेवली.

ज्या दुपारी टेप लावायची ठरली, त्या दुपारी शीला अर्धी रजा टाकून आली. मागून आणलेल्या मशीनवर टेप फिरू लागली. शेजारी माझा लॅपटॉप सगळं उतरवून घेत होता. थोडी खरखर झाली आणि एका तरुणानं कन्नडमध्ये विचारलं, "माझा ताल पुढं धावतोय का रे?"

तरुण अण्णांचं उत्तर आलं, "धावू दे. मी येतो मागनं."

मग गाणं सुरू झालं. ताल खरंच धावत होता. शीलानं गाणं संपू दिलं आणि तेवढंच बोलणं पुन्हा लावायला सांगितलं. "ड्रम वाजवायचे, म्हणून मला वाटायचं, अप्पांचा आवाज मोठा असेल," ती म्हणाली. "किती हळू बोलायचे." अण्णा उठून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढं एक कंपनी ही गाणी काढायला तयार झाली. अट अशी, की मधलं बोलणं कापायचं आणि ड्रमचा ताल संगणकावर सरळ करायचा. बँडमधला गिटारवाला मित्र आता ऑस्ट्रेलियात असतो. त्यानं फोनवर अण्णांना समजावलं, आपले दिवस किती राहिलेत, निघू दे. मीही तेच म्हणालो. ही रेकॉर्ड निघावी म्हणून अण्णा जन्मभर झुरले होते.

"रवी गेला तेव्हा पंचविशीचाही नव्हता," ते म्हणाले. "त्याला आता सरळ कोण करणार? नको."

मित्र रागावला, त्याचे फोन बंद झाले. अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्यानंतर ऑटोत गाणं लागलं तरी ते नुसते बाहेर बघत बसत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. तेराव्याला शीला माझ्याजवळ येऊन बसली. गाण्यांचं पुढं काय, असं तिनं विचारलं. अण्णांनी नको म्हटलं होतं, एवढंच मी बोललो.

"ते माझ्या अप्पांसाठी नको म्हणाले," ती म्हणाली. "पण अण्णा पण त्यात वाजवतात ना? त्यांना कोणी ऐकायचं?"

ऑस्ट्रेलियाला फोन तिनंच केला. आहेत तशीच ठेवणार, बोलण्यासकट, असं सांगितल्यावर तो मित्र म्हणाला, तशीच निघू दे. कंपनीच्या नादी न लागता आम्ही गाणी इंटरनेटवर टाकली. फार लोकांनी ऐकलेली नाहीत.

रविवारी कधी चामराजपेटेत गेलो की अक्का फोन माझ्यापुढं धरतात. मधलं बोलणं तेवढं लावून घेतात, गाणं सुरू झालं की थांबवायला सांगतात. परवा म्हणाल्या, "हे लग्नाच्या आधीचे. हे मला आत्ता कुठं भेटले."