कपाटातले दोन हीटर

घरात शिरल्यावर वसुंधरामावशी कोट काढायची नाही. चहाचा कप गालाला लावून बोलायची. मशीन असूनही भांडी हातानं घासायची, आणि शेवटची वाटी धुऊन झाली तरी गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून उभी राहायची. केक झाला की ओव्हनचं दार उघडंच ठेवायची. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायची आणि मग थांब्यावरच रेंगाळायची, घरी जायची घाई नसल्यासारखी.

ओवीला या एकट्या बाईच्या लकबी वाटायच्या. तिनं पुण्याला मराठीत एम.ए. केलं होतं. माणसांच्या लकबी टिपायची तिला सवय होती. कारण विचारायची नव्हती.

मावशी पामर्स्टन नॉर्थला आली ती शिकायला, ओवीच्याच वयाची असताना. शिक्षण संपलं, एका संशोधन संस्थेत गवताच्या बियांची उगवण तपासायची नोकरी लागली, आणि ती राहून गेली. लग्न केलं नाही. आई गेल्यावर पुण्याच्या फेऱ्याही थांबल्या. मग एक दिवस बसथांब्यावर फोनवर मराठीत रडणारी एक मुलगी तिला दिसली, ती ओवी. त्या रविवारी तिनं ओवीला जेवायला बोलावलं. मग प्रत्येक रविवारी.

मावशीचं घर भाड्याचं होतं. मालक रवींद्र आणि आशालता, तिचे मानलेले दादा-वहिनी. त्यांनी भाडं कधी वाढवलं नाही. दिवाळीला तिच्या वाटचा फराळ वेगळा काढलेला असायचा. ती आजारी पडली की वहिनी मऊ भात घेऊन यायच्या. न विचारता जाऊन बसावं असं त्या गावात तिला तेवढं एकच दार होतं.

लॉन्ड्रीत भिंतीवर गॅसचा जुना बॉयलर होता. त्यातलं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरायचं. कुठंतरी गळती होती. दाबाचा काटा उतरायचा आणि बॉयलर बंद पडायचा. मग मावशी खालचा नळ सोडून पाणी भरायची, बटण दाबायची, आणि ज्योत पेटल्याचा आवाज येतो का ते ऐकत उभी राहायची. दोन हिवाळे तिनं असे काढले. यंदा जूनमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन थंडीत, एका सकाळी ज्योत पेटलीच नाही.

ओवीला हे कळलं ते मावशीनं तिच्याकडचा ऑइल हीटर उसना मागितला तेव्हा. शनिवारी दादा-वहिनी चहाला यायचे होते. दोन हीटर सकाळपासून लावले तर बैठकीची खोली तापेल, असा मावशीचा हिशेब होता. बेल वाजायच्या आत ते बंद करून कपाटात ढकलायचे.

ओवीला आधी हसू आलं, मग राग. तिनं कायदा सांगितला. इथं घर गरम ठेवायची सोय मालकानंच द्यायची असते, नाही दिली तर लेखी नोटीस देता येते.

"दादांना नोटीस?" मावशी म्हणाली. "तू पण ना."

मग तिनं जुनी गोष्ट सांगितली. एकदा नळ गळत होता, नंतर छपराची पन्हळ. दादांनी दोन्ही कामं लगेच करून दिली. पुढं वहिनींच्या साठीला, भरल्या पंगतीत दादा म्हणाले, "ही वसुंधरा म्हणजे आमची सगळ्यात महागडी पाहुणी." सगळे हसले. मावशीही हसली. त्यानंतर तिनं त्या घराबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

शनिवारी दादा-वहिनी आले. ओवीही मदतीला आली होती. पोहे झाले, चहा झाला. किती ऊब ठेवलीस गं, वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे हे मला बटणाला हात लावू देत नाहीत.

"जुना बॉयलर आहे, पण हाडानं मजबूत," दादा म्हणाले. "माझ्यासारखा."

मावशी हसायला गेली आणि खोकला आला. थांबेना. ती तोंडावर पदर धरावा तशी कोटाची बाही धरून बसली. ओवीच्या हातात पोह्यांची बशी होती.

"काका, बॉयलर बंद आहे," ती म्हणाली. "महिना झाला."

दादा उठले. रेडिएटरवर त्यांनी तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. वहिनी आतल्या खोलीत गेल्या. तिथं कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, फटीतून हीटरची वायर बाहेर आली होती. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"अगं, आम्ही काय परके आहोत का?"

मावशी बशा गोळा करत होती.

"परके असता तर त्याच दिवशी सांगितलं असतं," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता.

सोमवारी मेकॅनिक आला. त्यानं गळका व्हॉल्व्ह बदलला, पेटवायचा भाग नवा बसवला. दुपारपर्यंत घरभर ऊब झाली. भांडण असं काहीच झालं नाही. फक्त दादा आता यायच्या आधी मेसेज करून परवानगी घेऊ लागले. वहिनी घरातलं आणखी काय काय दुरुस्तीला आलंय ते विचारायच्या, आणि फोन ठेवायच्या. मावशी त्यांच्याकडे जायची थांबली. न विचारता जाणं जमेना, आणि विचारून जाण्यासारखं ते घर नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिनं ऑकलंडला, अल्बनीत नोकरी धरली आणि घर सोडत असल्याची रीतसर नोटीस दिली. निघताना ओवीला म्हणाली, तिथं घरमालक कोण ते ठाऊकसुद्धा नाही, सगळं एजन्सी बघते. बरं वाटतं.

ओवीनं माफी मागायला तोंड उघडलं.

"तू बरोबरच केलंस," मावशी म्हणाली. "घर गरम झालं ना."

मग ती ऑकलंडच्या बसमध्ये चढली. बस निघाली तेव्हा हात हलवायचंही तिला सुचलं नाही.

किल्ली परत द्यायच्या आधी घर झाडून घ्यायला ती गेली. रेडिएटर गरम होते. रिकाम्या खोल्यांत तिनं पहिल्यांदाच तिथं कोट काढला. गॅरेज शेवटी उघडलं.

मागच्या भिंतीला पुठ्ठ्याचं मखर टेकवलेलं होतं. दादा-वहिनींच्या गणपतीचं मखर दर वर्षी मावशी करायची, जूनपासूनच बसायची. डावा खांब पूर्ण झाला होता, खालपासून वरपर्यंत कागदाची जाईची फुलं. कमानीवर फुलं अर्ध्यापर्यंत गेली होती. तिथून पुढं उजव्या खांबावर, जिथं जिथं फूल चिकटवायचं होतं तिथं पेन्सिलीनं बारीक गोल काढलेले होते.