बिनतिखटाची वाटी

सौंसरला आमच्या पुढच्या खोलीत इटारसीहून एक नर्सबाई भाड्याने राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. बाई उठसूट आभार मानायची. नळ आला म्हणून नुसती हाक मारली तरी, "दीदी, तुम्ही आठवणीनं सांगितलं, बरं वाटलं." आमच्याकडे घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे आभार कोणी मानत नाही. मानले तर समजायचं, काहीतरी मागायचं आहे.

त्यात ती क्वेकर निघाली. ख्रिस्तीच, पण पाद्री नाही, भजन नाही. रविवारी तासभर गप्प बसायचं, आतून काही आलं तरच बोलायचं. झालं! म्हटलं, ही आता हळूच जाळं टाकणार.

एकदा मुद्दाम तिला वरण दिलं आणि कसं झालं ते विचारलं. "करपलं होतं, दीदी. पण तुम्ही आणून दिलं, ते आवडलं."

मला रागच आला. नुसता मस्का लावणारी असती तर ओळखायला सोपी गेली असती.

"आमच्यात खोटं गोड बोलत नाहीत," ती म्हणाली. "मग आभार पण खरेच मानावे लागतात."

पुढे माझ्या सासूबाई रविवारी तिच्याजवळ जाऊन बसायला लागल्या. त्यांचं पोट नाजूक, म्हणून सात वर्षं मी त्यांची भाजी वेगळी काढत आले. त्याबद्दल तोंडातून एक शब्द नाही. त्या शब्दाची मला भूक होती, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

एका रविवारी मेथी निवडायच्या निमित्ताने मी दाराआड बसले. अर्धा तास फक्त पंख्याचा आवाज. मग सासूबाई बोलल्या, "सून माही भाजी अलग काढते, बिना तिखटाची. सात वर्सं झाले. मी तिले कधी काही म्हटलं नाही."



माझे डोळे भरून आले. आणि लगेच, देवाशपथ, मनात आलं: म्हातारीला आता काय पाहिजे? दिवसभर मी त्या मागणीची वाट बघत राहिले.

संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी वाटी पुढे सरकवली. "आज मीठ कमी हाय."

चाखून बघितलं. खरंच कमी होतं. तेव्हा कुठे मला त्यांचं सकाळचं बोलणं खरं वाटलं, आणि मीठ आणायला म्हणून आत गेले, ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.