रोख्याऐवजी शेअर

हणमंतराव सबनिसांना दुसऱ्यांचे फॉर्म भरायची हौस म्हणजे काय विचारता! सचिवालयात चौतीस वर्षं कारकुनी केलेली, अक्षर मोत्यासारखं. दिल्लीत ज्याला त्याला शेअरचं वेड लागलं, तेव्हा करोल बागेतली आपली मराठी मंडळी कोऱ्या अर्जावर सही करून जायची आणि बाकीचं हणमंतरावांवर सोपवायची. निवृत्तीनंतर ते गाझियाबादला राहायला गेले, तरी तिथून बस बदलत यायचे, पेन खिशातच असायचं.

त्र्याण्णव साली एका नव्या कंपनीचे अर्ज निघाले. ही कंपनी नोएडाकडे इस्पितळाची इमारत बांधून डॉक्टरांना भाड्याने देणार होती. शेअर घेतला तर तुम्ही मालकीत भागीदार, नफा झाला तर वाटा. रोखा घेतला तर तुम्ही कंपनीला कर्ज दिलंत. व्याज ठरलेलं, आणि उद्या सगळं विकायची पाळी आली तर पैसे आधी तुमचे.

द्वारकाबाई ही हणमंतरावांच्या वारलेल्या सहकाऱ्याची बायको. करोल बागेत भाड्याच्या खोलीत राहून परीक्षेसाठी आलेल्या मराठी मुलांना डबे द्यायची. नवऱ्याच्या विम्याचे चाळीस हजार देताना तिने स्वच्छ सांगितलं होतं, "भावजी, रोख्यातच घाला हं. मला आपलं व्याज पुरे."

अर्जात दोन चौकटी होत्या. हणमंतरावांनी खूण केली ती शेअरच्या. जन्मभर सरकारी क्वार्टरात काढलेल्या माणसाला मालकीची भूल पडते, दुसरं काय! बिचारी किती दिवस भाडं भरणार, जरा मालकीण होऊ दे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. विचारायचं मात्र सुचलं नाही. स्वतःसाठी त्यांनी रोखेच घेतले, कारण तो अर्ज भरताना बायको इंदुमती मागे उभी राहून बघत होती.

पाच वर्षांनी इस्पितळवाल्यांनी इमारत सोडली. भाडं थांबलं, दुसरा भाडेकरू मिळेना, शेवटी इमारत विकली. रोखेवाल्यांची मुद्दल परत आली. शेअरवाल्यांना रुपयामागे दहा पैसे मिळाले.

स्वतःचा चेक आला त्या दिवशी हणमंतरावांना द्वारकाबाईच्या अर्जातली ती खूण आठवली. लोक कंपनीच्या नावाने खडे फोडत होते. आपण गप्प बसलो तर कुणाला पत्ता लागणार नाही, असं हणमंतरावांना वाटत होतं. तरी त्यांनी इंदुमतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन कबूल करा. आणि आपल्या पैशांतले अर्धे त्यांना द्या. आपलं भागेल."

द्वारकाबाई डब्यांसाठी भेंडी चिरत बसली होती. हणमंतराव उभ्या उभ्याच बोलले, "वहिनी, तुम्ही रोखे सांगितले होतेत. शेअरवर खूण मी केली, तुम्हाला न विचारता."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "कागद घरी आला तेव्हाच वाचला मी."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या मोठ्या इमारतीत वाटा, आणि त्यावर माझं नाव छापलेलं. मलाही बरं वाटलं, भावजी. मालकीचा मोह काय तुम्हा एकट्यालाच पडला होता?"

 हणमंतरावांनी अर्ध्या रकमेचा चेक पुढे केला. तिने उगाच आढेवेढे घेतले नाहीत. हात पुसून चेक नीट वाचला आणि फळीवरून पोस्टाच्या बचतीचा कोरा अर्ज काढला. सवयीने हणमंतरावांनी पेनाचं टोपण उघडलं.

"असू दे," द्वारकाबाई म्हणाली. "पेन तेवढं द्या. हा मी भरते."