झिलेसाठी सोडलेली जागा

आधीच सांगून टाकतो, मी भूत-बित मानणारा माणूस नाही. रांजणगावला कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की कुठेतरी वायर तुटलेली असते, नाहीतर कोणीतरी नको ते बटण दाबलेलं असतं, एवढंच माझं अध्यात्म. ऑपरेटर लोक मशीनला लिंबू बांधतात आणि मी ते काढून सरबत करतो, असं माझ्याबद्दल म्हणतात... (एकदाच केलं होतं. उन्हाळा होता.) त्यामुळे इथे लिहू की नको, यातच बरेच महिने गेले. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मीही हसलो असतो.

राहायला मी शिरूरला. गच्चीवरची खोली म्हणजे माझा स्टुडिओ — भिंतींना जुन्या गोधड्या, एक बऱ्यापैकी माईक, लॅपटॉप. शिरूर-दौंड पट्ट्यात स्वतःची गाणी करणारे आमच्यासारखे वेडे थोडेच, बाकी सगळा डीजे आणि बेंजोचा कारभार. आम्हाला कार्यक्रम मिळायचा तो लग्न नसलेल्या रविवारी एखाद्या मंगल कार्यालयात, किंवा हॉटेलामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ऐकायला तेच ते चेहरे. त्यातली कोमल आमची सगळ्यात पक्की फॅन. रांजणगावलाच पॅकिंगला काम करते, पण स्कूटीवरून पार दौंडपर्यंत यायची आणि पुढे उभी राहून अख्खा कार्यक्रम मोबाईलमध्ये घ्यायची. "दादा, तुमची गाणी तुमच्यापेक्षा मलाच जास्त पाठ आहेत," म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

गायक नवनाथ. पाटसजवळच्या वाडीचा, धनगराघरचा. आधी आमच्याच कंपनीत होता. आवाज असा की कंप्रेसर चालू असताना त्याने हाक मारली तरी पलीकडच्या शेडमधला माणूस वळून बघायचा. त्या आवाजाच्या जिवावर त्याने नोकरी सोडली. घरी बायको, लहान मुलगी, वडिलांचा अबोला. "एक वर्ष बघतो, न्हाई जमलं तर हायेच की कंपनी," असं तो म्हणायचा, पण परत जायचं नाही हे त्याने मनाशी धरलं होतं. मलाही वाटायचं, हा पोरगा पुढे जाणार. आवाज सोडला तर त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

पुण्याच्या एका मोठ्या कार्यक्रमासाठी निवड चालू होती. एक नवं गाणं पाठवायचं होतं. नवनाथने घरातली धनगरी ओवी घ्यायचं ठरवलं, खाली माझा बीट. ओवीत पुढचा गडी ओळ म्हणतो आणि मागे उभे असलेले तीच ओळ उचलून परत म्हणतात, त्याला झील म्हणतात. ही ओवी त्याला त्याच्या चुलत आजोबांनी शिकवली, तुका आप्पांनी. शिकवताना मी समोर होतो. आप्पांनी एकच अट घातली होती.

"मागं झील नसंल तर तोंड उघडू नगं. येकट्यानं म्हणायची न्हाई ही. मेंढरामागं असलो तरी आमी कुनालातरी हाक मारून मागं हुभा करायचो, मगच सुरू."

"का ओ आप्पा?" मी विचारलं.

"जागा मोकळी सोडायची न्हाई," एवढंच म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

आम्ही मान डोलावली. मुद्दाम मोडायचं आमच्या मनातही नव्हतं. झील द्यायला आप्पा आणि त्यांचे दोन जोडीदार शिरूरला यायचे होते, पण ऐनवेळी वाडीत कोणाचंतरी लग्न निघालं. गाणं तर पाठवायचं होतं. मग स्टुडिओवाले सगळे करतात तेच नवनाथ म्हणाला, "आज मी माझ्या वळी टाकतो, मधली जागा सोडू. झील नंतर बसवू." मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आम्ही रोज असंच काम करतो.

दुपारची वेळ होती. नवनाथ कानाला हेडफोन लावून उभा राहिला. "माळावरची वाट माझी" अशी पहिली ओळ म्हणाला आणि ओळीएवढं थांबला. दुसरी ओळ, परत थांबला. तिसऱ्या ओळीनंतर तो त्या मोकळ्या जागेत मान हलवायला लागला, आपल्या मागे कोणी छान साथ दिली की हलवतो तशी. शेवटी हेडफोन काढून घाम पुसत म्हणाला, "झील कुनाची टाकलीस रे? लई जुना आवाज हाय. झकास बसली."

मी म्हणालो, बीटशिवाय तुझ्या कानात काही नाही. त्याला मस्करी वाटली. मी स्क्रीन दाखवली — त्याच्या दोन ओळींच्या मध्ये सपाट रेघ होती. त्याने परत हेडफोन लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघून हसला. "ऐक की, हाय ना." मी ऐकलं. काही नव्हतं. केबल बदलली, हेडफोन बदलले, आमच्या लाईनीत जे जे करतात ते सगळं केलं. मला काही नाही, त्याला सगळं ऐकू येत होतं.

पुढच्या रविवारी दौंडला कार्यक्रम होता. भरदुपारी, हॉलमध्ये पंख्यांचा आवाज, समोर आपलीच माणसं. ठरलं असं की नवनाथ ओळ म्हणेल आणि समोरचे लोक झील देतील. कोमलने सगळ्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं. मी बीट सुरू केला. नवनाथच्या ओळीची जागा आली... आणि तो गप्प. विसरला असेल म्हणून मी खूण केली. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, मान थोडी वाकडी करून तो ऐकत होता. ओळ निघून गेली आणि झिलेच्या जागेवर त्याने तोंड उघडलं. म्हणजे पुढे कोणी म्हटलेलंच नाही आणि हा मागून म्हणतोय! शब्दही आमच्या गाण्यातले नव्हते. मेंढरं पुढं गेली... धनी मागं ऱ्हायला... कुनी हाक मारली... लोकांना वाटलं नवीन प्रयोग आहे, टाळ्या पडल्या. कोमलने मोबाईल खाली घेतला. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती शिफ्ट सुटल्यावर मला कंपनीच्या गेटवर भेटली. "दादा, नवनाथदादांना दुसरी गाणी गायला सांगा. ते त्यांचं गाणं नाही म्हणत आहेत. ते कुणाचंतरी ऐकून म्हणत आहेत." फॅनला गायकाबद्दल असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसरी गाणी सांगून पाहिली. त्याला सुरुवातच करता येईना. स्वतःची, पाठ असलेली गाणी! तोंड उघडायचा, आवाज निघायचा नाही. शिरूरच्या डॉक्टरांनी घसा तपासला, गळा ठणठणीत. बोलायला काही अडचण नव्हती. गायचा तो फक्त मागून, आणि ती एकच, मेंढरांच्या धन्याची गोष्ट, जिथे सोडली तिथून पुढे. पुण्याला गाणं गेलंच नाही. तो गच्चीच्या पायरीवर बसून रडला. मी तेव्हा इतका घाबरलो होतो की त्याच्या खांद्यावर हात ठेवायलाही मला धीर गोळा करावा लागला.

शेवटी मी पाटसला जाऊन तुका आप्पांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "बगू. जागा भरून बगू," म्हणाले आणि दोघा जोडीदारांना घेऊन सकाळच्या गाडीने शिरूरला आले. तिघे डोक्याला पटका बांधून, खांद्यावर घोंगडी घेऊन माझ्या गोधड्यांच्या खोलीत नवनाथच्या मागे उभे राहिले. बीट मी लावला नाही. नुसतं रेकॉर्डिंग चालू केलं.

"म्हन," आप्पा म्हणाले. "आमी हाये मागं. तू पुढं हो."

नवनाथने श्वास घेतला. ओठ हलले, आवाज नाही. कपाळाची शीर फुगली. एका ओळीचा वेळ तसाच गेला, आणि मग तिन्ही म्हातारे एका सुरात, एका दमात म्हणाले — "घोंगडं टाकून उठला धनी."

नवनाथही त्यांच्याबरोबर म्हणाला. चौघेही.

मग एक जोडीदार आप्पांकडे वळला. "आधी तू म्हनलास?"

"म्या कशाला म्हनू? तू उचललीस म्हनून मी उचलली."

"मी तर ह्याच्या मागनं म्हनलो..."

आप्पांनी घोंगडी झटकली. जाताना चप्पल उलटसुलट पायात घातली होती, तेही त्यांना कळलं नाही. जिन्यात मी त्यांचा हात धरला, म्हणालो, आप्पा, पोराचं काय करायचं ते तरी सांगा. म्हणाले, "आता त्यो कुनाच्या तरी मागं हुभा हाय बाबा. पुढचा थांबल्याबिगर मागच्याला हालता येत न्हाई." ते परत शिरूरला आले नाहीत.

त्या दिवशीची फाईल माझ्याकडे आहे. चौघांचा आवाज स्वच्छ आलाय. त्याआधी सपाट रेघ. इथल्या साउंडवाल्यांना ऐकायची असेल तर क्षमा करा, मी कोणाला देत नाही.

नवनाथ परत कंपनीत लागला, पण कॉन्ट्रॅक्टवर. बोलतो, हसतो, मुलीला शाळेत सोडतो. काम करताना मात्र त्याचे ओठ हलत असतात... थोडं थांबून, परत हलतात. कोमल आता कुठल्याच कार्यक्रमाला जात नाही.

मागच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर ताट घेऊन बसला. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी नीट बोलला. "ओवी संपत आली," म्हणाला.

मला इतका आनंद झाला! म्हणालो, सुटलास की मग! पुढच्या रविवारी बसू, तुझं जुनं गाणं घेऊ.

त्याने मान हलवली. "तसं न्हाई. पुढच्याची संपली की त्यो बसनार. मग पुढं मला व्हायचंय. मला सगळी म्हनावी लागंल, पहिल्यापासनं." भाकरी हातात तशीच होती. "मागं कोनतरी लागंल. तुझ्याबिगर मी कुनाला सांगू?"

भोंगा झाला. तो ताट ठेवून त्याच्या लाईनवर गेला.

वायर कुठे तुटली आहे ते मला आजही सापडलेलं नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा, मी हात जोडून ऐकेन. तो माझा मित्र आहे, आणि जागा मोकळी सोडली तर काय होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला 'हो' म्हणायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. सध्या मी जेवणाची सुट्टी बदलून घेतली आहे.