स्ट्रेचरवरचा दिवा

येडगावच्या आमच्या ॲम्ब्युलन्सवर मी कित्येक वर्षं ड्रायव्हर होतो. दोन हजार सालानंतर केव्हातरी, परदेशात स्थायिक झालेल्या एका गावकऱ्याने तिच्यासाठी मोटरचं स्ट्रेचर पाठवलं. एक बटण दाबलं की वर, दुसरं दाबलं की खाली. गाडीत चढवताना पुढची चाकं आत टेकवायची आणि बटण दाबून स्ट्रेचरचे पाय दुमडून घ्यायचे. उशाशी एक दिवाही होता. बॅटरी मात्र मोटरला आणि दिव्याला मिळून एकच, आणि तीही थकलेली. दिवा चालू असला की मोटर नुसती कण्हायची. म्हणून आधी दिवा बंद करायचा, क्षणभर थांबायचं, मग पाय दुमडायचे. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसऱ्या कुणाला सांगायचं कधी सुचलंच नाही.

आणि एका संध्याकाळी त्याच स्ट्रेचरवर मलाच पट्ट्यांनी आवळून बांधलं. अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात बरा होता, तर तो नेमका पट्ट्याखाली.

गाडी चालवायला माझा धाकटा भाऊ आला. तो एरवी टोमॅटोचा पिकअप चालवायचा. नारायणगावच्या दवाखान्यात जेवढ्या लवकर पोचवाल तेवढं बरं, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. बायको म्हणाली, "भावजी, दिवेलागण झाली. आजारी माणसापाशी अंधार नगं. तेवढा दिवा लावा." त्याने लावला. तिने हात जोडले, शेजारच्या म्हातारीनेही जोडले. उजेड थेट माझ्या डोळ्यांत.

माझं डोकं गाडीच्या आत गेलं. पाय दुमडायची वेळ आली, तशी मोटर कण्हली आणि गप्प झाली. हाताने पाय दुमडायचा खटका मागेच मोडला होता. लोकांनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. मी अर्धा गाडीत, अर्धा रस्त्यावर.

"वयनी, बटान चालंना!" भाऊ बटणावर बुक्क्या मारत होता. अरे गाढवा, दिवा बंद कर, दिवा! मी ओरडत होतो आणि बाहेर फक्त लाळ येत होती. मला मरणाची भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा संताप जास्त होता. सगळं मला ठाऊक, आणि मीच मुका.

खूण म्हणून दिव्याकडे पाहिलं आणि डोळे गच्च मिटले. उघडले, पुन्हा पाहिलं, पुन्हा मिटले.

"डोळं फिरवाया लागला गं," म्हातारी म्हणाली. "तुळशीचं पान आणा." कोणीतरी धावलंही.

बायको माझ्यावर वाकली. बराच वेळ तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यो दिवा मालवा. ह्यांचा उजेडात कवा डोळा लागला न्हाई. लगीन झाल्यापासनं भांडतोय आमी दिव्यावरनं. आता तरी का सतवायचं?"

"आगं, माणूस जायाला लागल्यावं दिवा मालवत्यात व्हय?"

"मालवत्यात," ती म्हणाली, आणि हात लांबवून तिनेच दिवा बंद केला.

अंधारात तिचं तोंड माझ्या कानाशी आलं. "तुमी निवांत जावा. पोरींचं मी बघीन. जीव अडकवू नका आमच्यात."

मला जायचं नव्हतं. एवढंच तिला सांगायचं होतं, आणि तेवढंही सांगता येत नव्हतं.

भावाने वैतागून बटण परत दाबलं. मोटर घुरघुरली, पाय दुमडले आणि मी आत सरकलो. बायको पदर सावरायचंही विसरून मागोमाग चढली आणि दवाखाना येईपर्यंत माझा पट्ट्याखालचा हात धरून बसली.

वाचा परत यायला बरेच महिने गेले. बॅटरीची भानगड मी भावाला समजावून सांगितली. बायको मात्र अजूनही मधेच, भाकरी थापताना वगैरे, पाठमोरीच विचारते, "त्या वक्ताला मी काय बोलले ते तुमाला आयकू आलं व्हतं का वो?"

"न्हाई," मी म्हणतो.