कोकसरच्या पुढचा शिक्का

या सदरात लिहिणारे बहुतेक जण "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" असं सांगून सुरुवात करतात आणि दुसऱ्या परिच्छेदात त्यांचा विश्वास बसलेला असतो. माझा अजूनही नाही. बसला असता तर बरं झालं असतं, असं मात्र गेली कित्येक वर्षं वाटतंय. का, ते खाली येईलच.

शहाऐंशी सालचा सप्टेंबर. मी जोशी, मुलुंड पूर्वेला राहणारा, बँकेत कारकून. चेकवरची सही आणि आमच्याकडच्या नमुन्याची सही ताडून पाहणं हे माझं दिवसभराचं काम. माझा मित्र विलास परब नाहूरच्या चाळीत राहायचा. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. विलास स्टेशन रोडवरच्या सायकलच्या दुकानात रोजावर होता. चाकाचा बाक तो डोळे मिटून, नुसतं बोट लावून सांगायचा.

आमच्या मंडळाने "मुलुंड ते केलाँग सायकल मोहीम" जाहीर केली. मंडळ म्हणजे अध्यक्ष भाऊसाहेब, त्यांचा भांडुपचा छोटा कारखाना, आणि त्यांच्या फोटोला हार घालणारे पंधरा-वीस जण. मोहिमेवर जाणारे दोघेच — मी आणि विलास. निरोप समारंभात सात भाषणं झाली. सहा जणांनी हिमालय कधी पाहिला नव्हता, सातव्याने विमानातून पाहिला होता. नारळ फुटला, बँड वाजला आणि माझी चेन तिथेच उतरली. विलासने ती दोन सेकंदांत चढवली आणि कानात म्हणाला, "जोश्या, हसत राहा रे, फोटो काढतायत."

भाऊसाहेबांनी आम्हाला एक जाड वही दिली. नियम असा, की रोज एका तरी सरकारी कचेरीचा शिक्का घ्यायचा. पोस्ट, शाळा, तहसील, काहीही. शिक्क्याखाली तिथल्या माणसासमोर आम्ही दोघांनी सह्या करायच्या. एकही दिवस कोरा गेला तर मोहीम बाद. वही पूर्ण भरून आणली, तर विलासला कारखान्यात कायम करतो, असा शब्द त्यांनी स्टेजवरून, माइकमधून दिला होता. मला त्या वहीचं हसू यायचं. विलासला यायचं नाही. तो ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून, शर्टाच्या आत ठेवायचा.

सायकली साध्या काळ्या, बिनगिअरच्या. पुढे-मागे चालवताना बोलणं होत नाही, म्हणून आमची घंटीची खूण ठरलेली. एकदा वाजली, मागून गाडी येतेय. तीनदा वाजली, थांब.

रोहतांग उतरून आम्ही कोकसरला आलो त्या दिवशी सकाळी माझ्या मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. त्या दिवसाचा शिक्का बाकी होता. तो मिळण्यासारखं पोस्ट अठ्ठावीस किलोमीटरवरच्या गावात, आणि ते चारला बंद होतं असं चहाच्या तंबूवाल्याने सांगितलं. त्या गावाचं नाव देत नाही. तिथे आता लोक सुट्टीला जातात.

विलास स्पोक काढायला बसलासुद्धा होता. मीच म्हटलं, "तू पुढे हो. शिक्का घे. मी बसवतो."

"तू? तुला पंप तरी सरळ धरता येतो का रे?"

"बावीस दिवस तुला बघतोय ना. जा. एक दिवस कोरा गेला तर भाऊसाहेब तेवढंच निमित्त धरतील."

ते त्याला पटलं. अकरा वाजता तो गेला. वळणावर मागे वळून ओरडला, "घाई कर रे! तुझा पाय आहे की सरकारी फाईल?" घाई कर — हे त्याचं दिवसातून वीस वेळा असायचं.

मला स्पोक बसवायला दीड तास लागला. साडेबाराला निघालो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि रस्ता असा एकच. अडीचच्या सुमारास एका नाल्याच्या वळणावर मला घंटी ऐकू आली. तीनदा. थोड्या वेळाने पुन्हा तीनदा.

त्या दरीत आवाज कुठून येतो ते कळत नाही. मला वाटलं, पुढे कुठेतरी तो थांबलाय आणि मला चिडवतोय. मी ओरडलो, "आलो रे, आलो!" आणि पॅडल जोरात मारायला लागलो.

पाच वाजता गावात पोचलो. पोस्ट बंद झालं होतं, पण पोस्टमास्तर मागच्याच खोलीत राहायचे. म्हातारे, शांत गृहस्थ. मला पाहताच त्यांनी टेबलावरची वही माझ्यासमोर सरकवली. "आपका साथी दे गया। पौने चार बजे आया था।"

शिक्का होता. खाली विलासची सही होती.

"कहाँ गया?"

"पता नहीं। पैदल आया था। मैंने पूछा साइकिल कहाँ है, तो बोला, पीछे है। चाय भी नहीं पी। आपके लिए बोला, उसको कहना, अब जल्दी नहीं है।"

मला हसू आलं. विलास आणि घाई नाही! शिक्का मिळाला म्हणून स्वारी खुशीत, सायकल कुठेतरी दुरुस्तीला टाकून झोपायची सोय बघायला गेली असणार... पोस्टमास्तरांनी सही करायला पेन पुढे केलं. "तो आला की करतो," मी म्हटलं. मग बसून दोन ग्लास चहा प्यायलो. बिस्किटंही खाल्ली. अंधार पडायला लागला तेव्हा उठलो आणि गावात चौकशी केली. तो कुणालाच दिसला नव्हता.

सकाळी रस्त्याच्या कामावरचा मुकादम निरोप घेऊन आला. नाल्याच्या त्या वळणाखाली सायकल पडली होती. शेजारी विलास.

मी खाली उतरलो. सायकलचं हँडल त्याच्या हाताशी होतं. शर्टाच्या आत प्लॅस्टिकची पिशवी होती, वर रबर तसंच. पिशवी रिकामी.

आता जे नक्की माहीत आहे तेवढंच सांगतो. मुकादमाच्या लोकांनी विलासला बाराच्या सुमारास वळणाच्या अलीकडे जाताना पाहिलं होतं. वळणाच्या पलीकडे दुसरी टोळी दिवसभर रस्त्यावरच होती. त्यांच्यासमोरून एकच सायकलवाला गेला, तो मी. पायी कुणीच गेलं नाही. केलाँगला ज्या डॉक्टरांनी त्याला तपासलं त्यांनी सांगितलं, पाय आणि बरगड्या मोडल्या होत्या, पण लगेच गेला नाही. "शाम तक तो रहा होगा।"

पोस्टमास्तरांना मी माझ्या पाकिटातला मंडळाचा ग्रुप फोटो दाखवला. त्यांनी न विचारता विलासवर बोट ठेवलं. सही मी पाहिली — एकदा नाही, शेकडो वेळा. 'परब'मधल्या ब-चं पोट तो उघडंच सोडायचा, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बनावट सह्या ओळखण्याचा मला पगार मिळत होता. ही बनावट नाही.

म्हणाल, भूत. मलाही तेच हवं होतं. पावणेचारला तिथे भूत आलं असेल, तर विलास त्याआधीच गेला होता. अडीचला मी वरून गेलो तेव्हाही बहुधा गेलेलाच होता, आणि घंटी म्हणजे माझ्या कानांचा भ्रम. पण डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत होता. म्हणजे वही पोचली, सही झाली, मी बिस्किटं खाल्ली, तेव्हा तो वळणाखाली जिवंत होता. जिवंत माणसाचं भूत असतं का, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. एका महाराजांनी शांत करून घ्यायला सांगितली, खर्चासकट.

परत आल्यावर नाहूरला गेलो. विलासची आई दारातच बसली होती. रडून झालेलं होतं. तिने दोनच गोष्टी विचारल्या.

"तो थंय पोचलो मां रे?"

"हो. शिक्का आहे, सही आहे."

"आणि दुखला नाय मां त्याका?"

"नाही, आई. लगेच गेला."

तिने मान हलवली. पहिलं उत्तर खरं की खोटं ते मला माहीत नाही. दुसरं खोटं होतं.

शोकसभेत नऊ भाषणं झाली, निरोपापेक्षा दोन जास्त. वही मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं. त्याआधी भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "जोशी, त्या शेवटच्या शिक्क्याखाली तुमची सही राहिलीय. तेवढी करून टाका, रेकॉर्ड पूर्ण होईल." मी नंतर करतो म्हटलं. विलासच्या धाकट्या भावाला नोकरी देऊ, असंही ते स्टेजवरून म्हणाले होते. दिली नाही. वही अपुरी आहे ना!

पुढे मंडळ मोडलं, कपाट भंगारात गेलं, वही माझ्याकडे आली. विलासच्या आईलाही जाऊन बरीच वर्षं झाली. सायकल मी पुन्हा चालवली नाही. स्पष्टीकरण तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. शोधायचंही सोडून दिलं, कारण कुठलंही खरं निघालं तरी त्या वळणावरून मी ओरडत पुढे गेलो, हे बदलत नाही. त्या एका दुपारी त्याने मला दोन निरोप दिले. थांब म्हणाला तेव्हा मी जोरात गेलो. घाई नाही म्हणाला तेव्हा बसून राहिलो.

वही कधीतरी काढतो. शिक्क्याची शाई फिकट झालीय, त्याची सही अजून काळी आहे. शेजारची जागा कोरी आहे. तो आला की करतो, असं सांगितलं होतं मी.