भाऊची मासोळी गळावर टिकत नव्हती

खरं सांगते, त्या दिवशी मी धरणावर गेले ती भावाची मासोळी गळावरून निसटावी म्हणून. देवाला हात जोडून तेवढंच मागितलं होतं. ऐकणाऱ्याला वाटेल, काय ही बहीण! पण आमची पैजच तशी लागली होती.

भाऊ म्हणजे माझा धाकटा भाऊ. धाकटा असला तरी मी त्याला भाऊच म्हणते, आणि तो मला अक्का. मी जळगावला शाळेत शिकवून निवृत्त झालेली, तो रावेरकडे गावी केळी करतो. आमच्या घरात मासा शिजत नाही, अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आणि या बाबाला लहानपणापासून नाद कसला, तर मासे पकडायचा! खायचा नाही, नुसता पकडायचा. सापडलेला मासा नावाड्याला देऊन टाकायचा, मळ्यातल्या विहिरीवर आंघोळ करायची आणि मगच घरात शिरायचं. आई होती तोवर ती शिव्या घालायची, आता भावजय घालते.

त्या भावजयीचाच फोन आला होता. "अक्का, आता तुम्हीच या. माझं तर हे काहीच ऐकत नाहीत." भाऊला साखर निघाली त्याला बरीच वर्षं झाली. गोळ्या आठवल्या तर घेणार, नाहीतर गोळ्या डब्यात आणि हा मळ्यात. आता अंग उतरलं होतं, रात्रीतून सारखा पाण्याला उठत होता, चप्पल पायातून निसटून बांधावर राहायची आणि हा तसाच पुढे जायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं की याचं एकच पालुपद, "मले काय झालं? मी ठणठणीत आहे." भावजय घाबरली होती. मी घाबरले नव्हते, चिडले होते. माझा स्वभावच तसा आहे. काळजी वाटली की मला आधी राग येतो.

गेले. सकाळी ओसरीवर चहा आला, गॅसवरून नुकताच उतरवलेला, स्टीलच्या पेल्यात. मी पदराने धरला तरी चटका बसला. भाऊने मात्र उघड्या हाताने पेला उचलला आणि आरामात हातात फिरवत बसला. वर मलाच म्हणतो, "पाहिलं का अक्का? केळीवाल्याचा हात आहे हा. याले भाजत नही." आम्ही हसलो. मला तर कौतुकही वाटलं, की बाबा रे, एवढी वर्षं राबलेला हात आहे.

मग मी विषय काढला. सोमवारी माझ्यासोबत जळगावला चल, चांगला डॉक्टर आहे, रक्त तपासू. तो टाळाटाळ करायला लागला, मी आवाज चढवला, भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शेवटी तोच म्हणाला, "अस्सं कर. आज मी धरणावर चाललो. तूबी चाल. एक मासा नावेत घेतला, तर पुन्हा माझ्यासमोर डॉक्टरचं नाव काढायचं नही. नही सापडला, तर सोमवारी तू म्हणशील तिथं येतो."

मी म्हटलं, कबूल. भावजयीने कपाळावर हात मारला. पण मी हिशोब केला होता. भाऊच गेल्या खेपेला म्हणाला होता की आजकाल गळाला काही लागत नाही.

धरण जवळच आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी. मोटारसायकलवर मागे बसून केळीच्या बागांमधून गेलो. काठावर नाना नाव घेऊन तयार होते. हे नाना म्हणजे म्हातारे नावाडी, भाऊला पोरवयापासून ओळखणारे. मला पाहून हसले. "आज अक्काबी? मग आज मासा घाबरीन." मी म्हटलं, घाबरूच दे, आज एकही जवळ यायला नको.

या धरणावर मासा धरायची भाऊची रीत अशी, की नाव बैलाच्या चालीने हळूहळू चालू ठेवायची आणि मागे लांब दोर सोडून, त्याच्या टोकाला गळावर जिवंत मासोळी ओढत न्यायची. मोठा मासा तिच्यामागे येतो. बादलीत बोटाबोटाएवढ्या मासोळ्या वळवळत होत्या. भाऊने एक उचलली आणि मला शिकवायला लागला. बाईंना शिकवायची संधी मिळाल्यावर सोडतो थोडाच!

"पाह्य अक्का. पोटातून टोचली तर मरते. मेलेली मासोळी पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नही. म्हणून खालच्या ओठातून गळ घालायचा अन् वरच्यातून काढायचा. तोंड मिटलेलं पाहिजे, नही तर नावेमागे ओढताना तोंडात पाणी भरून गुदमरते. अन् मग हे." हे म्हणजे रबराचा नखाएवढा तुकडा. ठिबकच्या नळीला जे रबरी वायसर लागतं, त्यातून कापलेला. गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो. रबर त्या काट्यावरून पलीकडे ढकलून बसवलं, की मासोळी कितीही उसळली तरी मागे सरकून सुटत नाही. "काट्यावरून गेलं की बोटाले टक्कन कळतं," भाऊ म्हणाला. "डोये मिटून बसवतो मी."

आणि खरंच डोळे मिटून बसवलं. दोर सोडला. नाव चालू झाली. हवा छान होती, डोंगर स्पष्ट दिसत होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, सूट बाई, सूट.

थोड्या वेळाने भाऊने दोर ओढून पाहिला. गळ मोकळा! ना मासोळी, ना रबर.

"ओठ नाजूक व्हता तिचा," भाऊ म्हणाला.

दुसरी लावली. तीही गेली. मग म्हणाला, रबर जुनं झालंय. दुसऱ्या वायसरचा तुकडा कापला. तरी तेच. मग म्हणाला, नाना नाव जोरात हाकतात. नाना बिचारे वल्हं आणखी हळू मारायला लागले. मग म्हणाला, अक्का बडबड करते म्हणून लक्ष लागत नही. मी म्हटलं, "व्वा रे व्वा! डोळे मिटून बसवणारा गडी तू, माझ्या बडबडीने तुझं काय बिघडतं?" मला अशा उकळ्या फुटत होत्या म्हणून सांगू! प्रत्येक मासोळी सुटली की मी म्हणायची, "सोमवार आला रे भाऊ, सोमवार आला." नानाही तोंड फिरवून हसायचे.

एकदा मात्र बाजी उलटणारच होती. दोराला असा हिसका बसला की नाव कलली. भाऊ उठून उभाच राहिला, दोर हातावर घेतला, चेहरा फुलला. मला वाटलं, संपलं, हरले मी, आता हा जन्मात डॉक्टरकडे जायचा नाही. पण दोर एकदम सैल पडला. वर आला तो नुसता गळ. माशाने मासोळी ओरबाडून नेली होती, रबर काट्यापलीकडे गेलेलंच नव्हतं. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

नाना हळूच म्हणाले, "भाऊ, जरा डोयानं पाहून लाव ना."

झालं! भाऊ भडकला. "पाहून? मी? अरे, तुम्ही मले शिकवता का आता?" तोंडाने माझ्याशी भांडत, माझ्याकडेच पाहत, त्याने बादलीत हात घातला, मासोळी काढली, गळ टोचला, रबर दाबलं. "आता ही सुटली तर बापाचं नाव लावणार नही, अक्का. हे दाबलं, चांगलं दाबून बसवलं." आणि हात नावेबाहेर काढून त्याने मासोळी पाण्यात सोडली. दोराचा एक वेढा तिच्यासोबत पाण्यात गेला.

नाव पुढे सरकली. भाऊचा हात आपोआप मागे ओढला गेला. त्याने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. "गवत अडकलं वाटतं दोरात," म्हणाला, आणि हात झटकला. हात पुन्हा मागे गेला. तो पाण्यातच शोधत होता, दोर कशात अडकलाय म्हणून.

मला त्याच्या धोतरासारख्या पांढऱ्या पायजम्यावर लाल थेंब दिसला. मग दुसरा. मग ओळच. मी वर पाहिलं.

गळ त्याच्या बोटात होता. उजव्या हाताच्या पहिल्या बोटात, एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूने टोक बाहेर आलेलं. आणि त्या टोकावर, उलट्या काट्याच्या पलीकडे, रबराचा तुकडा नीट बसवलेला. मासोळीचे ओठ फाटून ती केव्हाच गेली होती. याने दाबून बसवलं होतं ते स्वतःच्या बोटावर.

वर्गात चार भिंती हादरवणारी बाई मी, माझी बोबडी वळली. नुसतं बोट दाखवलं. नानांनी पाहिलं आणि वल्हं आत ओढलं. "ऐ माय!" एवढंच म्हणाले.

भाऊने आमची तोंडं पाहिली, मग आपला हात पाहिला. तो ओरडला नाही. हात झाडला नाही. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "हे कव्हा झालं?" म्हणाला.

"कव्हा झालं? अरे, आत्ता तूच टोचलास ना!" माझा आवाज परत आला तो किंचाळतच. "रक्त बघ किती आलंय! तुला कळलं नाही?"

तो गळाला हात घालून ओढायला निघाला. नाना ओरडले, "ओढू नको! काटा मांस फाडीन." त्यांच्या पिशवीत तार तोडायची पक्कड होती. त्यांनी दोर कापला, मग माझ्याकडे पाहिलं. "अक्का, मनगट गच्च धरा याचं. टोक तोडतो अन् गळ मागं काढतो. लई कळ जाईन त्याले."

मी दोन्ही हातांनी मनगट धरलं, मान फिरवली, डोळे गच्च मिटले. पक्कड कट्कन वाजली. मी वाट पाहत होते की आता हा ओरडेल, आता शिवी घालेल, आता हात हिसकेल. लहानपणी काटा काढायला घेतला तरी अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा पोरगा होता हा. काहीच नाही. पाण्याचा आवाज तेवढा. "निघाला," नाना म्हणाले. मी डोळे उघडले. भाऊ बोटाच्या भोकाकडे एकटक पाहत होता.

मी पदर फाडला, बोट बांधलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. म्हटलं, "बोल काहीतरी! असा दगडासारखा काय बसलास?"

डब्यातला एक नवा गळ त्याने डाव्या हाताने उचलला. मला वाटलं, आता काय हा पुन्हा मासोळी लावतो! पण त्याने टोक आपल्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराला लावलं, हळूच दाबलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मग करंगळीला. मग गळ उजव्या हातात घेऊन डाव्या हाताच्या बोटांना, एकेक करून. दर वेळी दाबायचं आणि माझ्या तोंडाकडे पाहायचं. "इथं नही," तो पुटपुटत होता. "इथंबी नही. हे जरासं. इथं नही."

"बस कर भाऊ," मी म्हटलं. "बस कर रे."

"मले वाटे कातडं जाड झालं," तो म्हणाला. "किती महिने झाले, केळीच्या पानाचा देठ हातात आला का नही ते पाहूनच समजे. पायाचं तर लई आधीपासून. मले वाटे, कामानं होतं असं. चांगलंच आहे, काही लागत नही, काही टोचत नही." तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. मघाशी ज्या मासोळ्या सुटल्या म्हणून मी टाळ्या पिटत होते, त्या का सुटत होत्या, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

नानांनी नाव काठाकडे वळवली. सोमवारची वाटही पाहायची नव्हती आता, गावात न थांबता तसंच जळगाव गाठायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं आणि त्यालाही ते कळलं असावं, कारण तो नाही म्हणाला नाही. काठ जवळ आला तेव्हा त्याने मला हाक मारली. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"अक्का, हे दुखाले पाहिजे व्हतं ना व?"

मी सरकून त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा डावा हात हातात घेतला, बोटं घट्ट दाबून धरली. तो माझ्या तोंडाकडेच पाहत राहिला, उत्तराची वाट पाहत. नाव काठाला टेकली, उतरायला म्हणून त्याने खाली पाहिलं, तेव्हा कुठे त्याला समजलं की मी त्याचा हात धरलाय.